पऱ्यात सोडलेला दोरा

सिस्टरांचा धर्म कोणता होता, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्यांच्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहिले, त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्या पूजेला जाऊन बसले. पूजा म्हणायचं की नाही, तेही ठाऊक नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट मला दोनदा-तीनदा समजावून सांगितली होती. ऐकताना सगळं कळायचं, खोलीत येऊन दार लावलं की पुन्हा गोंधळ.

माझी ती पहिली नोकरी. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा एक कारखाना होता, त्याच्या लॅबमध्ये. मी सांगलीकडची. रत्नागिरीत ओळखीचं कुणी नाही. कारखान्याच्या वॉचमननं एक घर सांगितलं. सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला जांभ्या दगडाचं बैठं घर, मागच्या अंगाला उतार, उताराखाली भातशेती. मालकीणबाई एकट्या, इंग्लंडात नर्स होत्या, रिटायर होऊन आल्यात. सगळी वाडी त्यांना सिस्टर म्हणायची.

सिस्टर फाटकातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, पांढऱ्या केसांचा बॉबकट, सुती साडी आणि पायात पुरुषी बूट. माझं गाव, आडनाव, लग्न, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "पाणी सकाळीच येतं, भरून ठेवायचं. फाटकाला कडी लावायची, नाहीतर गुरं शिरतात. आणि मी विच आहे."

मला ‘रिच’ ऐकू आलं. बाई पैसेवाली असेल, पण हे असं कुणी सांगतं का, असं वाटलं. मी म्हटलं, "असू दे, काही हरकत नाही."

सिस्टरांचा चेहरा उजळला. "कुणीच इतक्या पटकन हो म्हणत नाही गो," त्या म्हणाल्या आणि भाडं ठरवायचं सोडून चहा टाकायला गेल्या.

खरा शब्द मला आठवड्यानं कळला. मी घाबरत विचारलं, "विच म्हणजे... हडळ?"

"हडळ मेलेली असते. मी जिवंत आहे."

"मग चेटकीण?"

"हां. आता जरा जवळ आलीस." आणि भाजी निवडता निवडता त्यांनी मला विक्का सांगितला. देव एक आणि देवी एक, दोघं बरोबरीची. देवी म्हणजे चंद्र, पृथ्वी. देव म्हणजे सूर्य, रान. वर्षाचे आठ सण आणि प्रत्येक पौर्णिमा. स्वर्ग-नरक नाही, सैतान तर मुळीच नाही, माणूस पुन्हा जन्माला येतो. मी म्हटलं, "हे तर आपल्यातलंच आहे बरंचसं." त्या म्हणाल्या, "तेच तर. आणि तरी नाही."

हे ‘आणि तरी नाही’ त्यांचं पालुपद होतं.

त्यांच्या ओटीवरच्या कपाटात एक काळ्या मुठीची सुरी असायची. एकदा माझ्या विळीची धार गेली म्हणून मी ती घेऊन कैऱ्या फोडल्या. सिस्टर बाजारातून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगो, ती कापायची सुरी नाही."

"मग कशाची?"

"ती नुसती धरायची. तिनं हवेत वर्तुळ आखायचं."

"आणि कापायला?"

"कापायची वेगळी असते. पांढऱ्या मुठीची."

मी वरमले. त्यांनी सुरी धुतली, मिठाच्या पाण्यात बुडवली, नाकाशी नेली आणि हसत सुटल्या. पुढच्या पौर्णिमेला वर्तुळ आखून झाल्यावर मला कुजबुजत म्हणाल्या, "आज चारी दिशांना लोणच्याचा वास गेला बघ."

ते वर्तुळ मागच्या अंगणात असायचं, चंद्र उगवायच्या सुमाराला. पूर्वेला वाऱ्याचं स्थान, दक्षिणेला अग्नीचं, पश्चिमेला पाण्याचं, उत्तरेला मातीचं. पश्चिमेकडे तोंड केलं की सड्यापलीकडे खरंच समुद्र होता, त्याचा सिस्टरांना फार आनंद. "तिकडे आम्ही पश्चिमेला तोंड करून पाण्याला बोलवायचो, आणि समोर बसडेपो," त्या म्हणायच्या. शेवटी नारळाच्या वड्या आणि कोकमाचं सरबत. तिकडे केक आणि दारू असे. मी एकदा ऐकीव गोष्ट विचारली, की ही मंडळी अंगावर कपडे न ठेवता पूजा करतात ते खरं का. "काही जण करतात," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही नाही केलं. थंडी असायची गो."

सणांचा घोळ मात्र सुटता सुटत नसे. एकवीस डिसेंबरला सूर्य परत येतो म्हणून त्या दिवे लावायच्या, आणि आम्ही दोघी पंख्याखाली घाम पुसत सूर्याला ‘ये’ म्हणायचो. एक ऑगस्टला कापणीचा सण. त्या पाव भाजायच्या. उतारावर बायका गुडघाभर चिखलात बेणणी करत, तण उपटत असायच्या, भाताला अजून लोंबी नाही. बायका पाव आवडीनं खायच्या आणि विचारायच्या, "सिस्टर, कसली कापणी? कुणाची?" सिस्टरांनी म्हणे इंग्लंडातल्या आपल्या मंडळींना फोन करून विचारलं होतं, तर तिकडून उत्तर आलं की ज्या जमिनीवर उभी आहेस तिचं ऐक. "आता ऐकायचं कसं?" सिस्टर मला म्हणाल्या. "ही जमीन आठ महिने गप्प असते आणि चार महिने एकसारखी बडबडते."

जनगणना आली तेव्हा आमच्या वाडीचं काम जाधव गुरुजींकडे होतं. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे, दोन घरं सोडून राहायचे. शिस्तीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. ओटीवर बसून त्यांनी सिस्टरांना विचारलं, "धर्म?"

"विक्का."

गुरुजींनी पेन उचललं. "म्हणजे हिंदू लिहू?"

"नको. जन्मानं होते."

"ख्रिश्चन?"

"छे."

"मग हे विक्का कुठल्या काळातलं? जुनं आहे काय?"

"आमच्यातले पुष्कळ लोक म्हणतात, फार जुनं. पण खरं सांगायचं तर पन्नासेक वर्षांपूर्वीचं. एक रिटायर झालेला कस्टमचा साहेब होता, त्यानं सुरू केलं."

"कस्टमचा?" रत्नागिरीच्या माणसाला कस्टम काय सांगायचं! गुरुजी म्हणाले, "मग माल बाहेरनंच आलेला असणार."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गुरुजींनी ‘इतर’ असं काहीसं लिहिलं आणि कागद मिटून ठेवले. मग आपलं म्हणाले, "माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव पोत्यात भरले आणि खाडीत सोडले. घर मोकळं झालं, असं तो म्हणायचा. तुम्ही इंग्लंडात राहून, एवढं शिकून, नवीन देव घेऊन आलात. मला समजत नाही."

"मलाही सगळं समजत नाही गुरुजी. चहा घेणार?"

तेव्हापासून गुरुजी रोज संध्याकाळी यायचे. रोज वाद, रोज चहा. विक्का अंधश्रद्धा आहे हे सिस्टरांना पटवून द्यायचं, असा त्यांनी चंगच बांधला होता. पंचाईत अशी की सिस्टर त्यांचं बहुतेक सगळं मान्य करायच्या. भूत नाही? नाही. भगत लुबाडतात? लुबाडतात. करणी कुणी करू नये? मुळीच करू नये. गुरुजी विजयी मुद्रेनं उठायचे आणि फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात येऊन परत फिरायचे. "मग तुम्ही नेमकं करता काय?"

मीही एकदा तेच विचारलं, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. आई इथे रत्नागिरीत गेली तेव्हा त्या तिकडे रात्रपाळीत होत्या. तार उशिरा पोचली, यायला जमलं नाही. वॉर्डात मरणाऱ्या प्रत्येकासाठी पाद्री यायचा, पण त्यांच्या आईसाठी कुणाला बोलवायचं? वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांना एका टेकडीवर नेलं. त्या दिवशी ही मंडळी आपल्या मेलेल्या माणसांची नावं घेतात. "आईचं नाव पार्वती. त्या सहा-सात गोऱ्या बायका वाऱ्यात उभ्या राहून ‘पॉव्हर्टी, पॉव्हर्टी’ म्हणून हाका मारत होत्या. गरिबीला बोलवताहेत असं वाटत होतं. चुकीचं घेतलं गो, पण मोठ्यानं घेतलं. दुसऱ्या कुणी घेतलंच नव्हतं." असं म्हणून त्या उठल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

आता ज्या गोष्टीमुळे सिस्टर सगळ्या वाडीला माहीत झाल्या ती सांगते.

उताराखालची शेतं दोन भावांची होती. थोरल्याची बायको सुनंदा, धाकट्याची विजया. दोघी जावांचं कित्येक वर्षं पटत नव्हतं. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, सुनंदावहिनी एके संध्याकाळी भिजत सिस्टरांकडे आल्या. मी ओटीवरच होते.

"सिस्टर, तिनं माज्या घरावर करणी केलीन. शेताच्या मेरेवर लिंबू गावला, टाचण्या टोचलेला. म्हस आटली. पोराची मुंबयची नोकरी सुटली. तुमाला येतं म्हंतात. उलटवून द्या."

"कुणाचं वाईट होईल असं मी करीत नाही, सुनंदा. आमच्यात एकच नियम आहे. कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर. आणि जे पाठवशील ते तिप्पट होऊन परत येतं."

"एकच म्हणालात आणि दोन सांगितलेत."

सिस्टर गडबडल्या. सुनंदावहिनींनी तेवढ्यात पकडलं, "मग तिनं पाठवलान ते तिच्यावर तिप्पट जाऊ दे की."

"ते आपोआप जातं. आपण मागायचं नाही."

"आपोआप कदी जाणार? सरकारी काम हाय काय?"

त्यांना रिकाम्या हातानं पाठवणं सिस्टरांच्या जिवावर आलं, हे मला दिसत होतं. त्यांनी आतून लाल दोरा आणला. म्हणाल्या, "तुझा राग तुलाच खातोय. एकेक राग बोल आणि एकेक गाठ मार. मग हा दोरा पाण्याला देऊ. राग जाईल. विजयाला काही होणार नाही, तुला मात्र झोप लागेल."

सुनंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि गाठी मारू लागल्या. सासूच्या बांगड्या परस्पर ठेवून घेतल्यान, ही एक गाठ. मुलीच्या बारशाला बोलावलान नाय, ही दुसरी. आंब्याच्या कलमाची फांदी तोडलीन. माहेरच्या माणसांसमोर वाकडं बोललीन. दोरा संपला, राग संपेना. सिस्टरांनी दुसरा दोरा आणून पहिल्याला जोडला. शेवटी शेवटी वहिनी रडत होत्या, आणि मला वाटतं काही गाठी विजयाच्या नव्हत्याच, नवऱ्याच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी पऱ्यावर गेल्या. पऱ्या म्हणजे पावसाळ्यापुरता धावणारा ओढा, तो सिस्टरांच्या कुंपणालगत होता. मी कामाला निघाले होते, छत्री धरून थांबले. वहिनींनी दोरा पाण्यात सोडला. लाल रेघ दोन दगडांत अडकली, सुटली, आणि उताराखाली दिसेनाशी झाली. "हलकं वाटतंय," वहिनी म्हणाल्या. सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी मला विक्का काय ते कळलं असं वाटलं. फारच थोडे दिवस.

कारण पुढच्याच आठवड्यात विजया तापानं पडली. आधी अंगदुखी, मग पिंढऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहवेना. कुणीतरी अंगारा दिला, कुणी देवळात कौल लावला. ‘बाहेरचं आहे’ असं निघालं. आणि पऱ्यावर लाल दोरा सोडताना कुणीतरी पाहिलेलंच होतं.

रविवारी दुपारी विजयाचा नवरा दत्ता दोन भाऊबंदांना घेऊन फाटक ढकलून आत आला. हातात काठी. "सिस्टर! पाण्यात काय सोडलंत? माजी बायको मराय टेकलीय!"

मी आत पळायच्या बेतात होते. सिस्टर पायरी उतरून खाली आल्या. "ताप कधीपासून?"

"काय?"

"ताप कधीपासून आहे, दत्ता?"

"मंगळवारपास्नं... पण तुमी..."

"डोळे कसे दिसतात? लाल? पिवळे?"

"आदी लाल होते. आज पिवळट..."

"लघवी होते? किती वेळा? रंग?"

मारायला आलेला माणूस काठी बगलेत धरून सगळं सांगत गेला. दोन्ही भाऊबंद मधे मधे दुरुस्ती करत होते. सिस्टरांनी बूट चढवले आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बघ. सिव्हिलला न्यायचं."

दत्ता भानावर आला. "आदी उतरवून द्या. मग न्हेतो."

"दत्ता, तिची किडनी जाईल. उतरवायचं ते मी रिक्षात उतरवते. चल."

सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून येणारा ताप. शेतात उघड्या पायांनी काम करणाऱ्यांना होतो, पायाला चीर असली की पुरे. आणखी दोन दिवस काढले असते तर हाताबाहेर गेलं असतं. सलाइन, इंजेक्शनं सुरू झाली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि बाहेर बाकावर सिस्टरांजवळ येऊन बसले. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"पऱ्या कुठं जातो गो?" त्यांनी विचारलं.

"खाली."

"खाली कुठं?"

"शेतात."

"कुणाच्या?"

पऱ्याचं पाणी पहिल्यांदा विजयाच्या शेतात शिरायचं, मग इतरांच्या.

"उंदरांमुळं झालं, सिस्टर. डॉक्टर म्हणाले ना."

"उंदीर दरवर्षी असतात. सगळ्यांच्याच शेतात असतात. ह्या वर्षी तिलाच का?"

"तुम्ही वाईट व्हावं म्हणून केलंच नव्हतं."

"मी नव्हतं. पण सुनंदानं गाठी मारल्या तेव्हा तिच्या मनात काय होतं? राग सोडला, की पाठवला?" त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "मी नर्स आहे. मला लेप्टो समजतो. आणि तीस वर्षं मी हेही मानत आले, की आपण मनापासून केलेलं कुठंतरी पोचतं. आता चांगलं झालं ते माझ्यामुळं आणि वाईट झालं ते उंदरांमुळं, असं म्हणता येईल काय? माझं सगळं खोटं असेल तरच मी निर्दोष आहे, बाय. खरं असेल तर मी त्या पोरीला मारत होते."

मी लॅबमध्ये रंग तपासणारी मुलगी. कँटीनमधून चहा आणला. त्यांनी तो तसाच थंड होऊ दिला.

विजया वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली. पण वाडीत कुजबुज थांबेना: सिस्टरनीच घातलं, नवरा काठी घेऊन गेला तेव्हा सिस्टरनीच काढलं. सुनंदावहिनींच्या घरी कुणी पाणी पिईना. भावाभावांत हातघाईची वेळ आली. तेव्हा जाधव गुरुजींनी ठरवलं, आता सभा घ्यायची. शाळेच्या मोठ्या वर्गात सगळ्यांना बसवायचं, हा ताप कसा येतो ते फळ्यावर काढून दाखवायचं, आणि सिस्टरांनी उभं राहून एवढंच सांगायचं की मी नर्स आहे, माझ्याकडे कसलीही शक्ती नाही.

"एवढं एक वाक्य," गुरुजी हात जोडून म्हणाले. "तुमच्या घरात तुम्ही काय ते माना. पण हे एक वाक्य लोकांसमोर बोला, नाहीतर इथं डोकी फुटतील."

"बोलते," सिस्टर म्हणाल्या.

वर्ग भरला होता. गुरुजींनी फळ्यावर उंदीर फार सुंदर काढला होता. पाणी, पाय, पायाची चीर, सगळं बाण काढून दाखवलं. लोक मान डोलावत होते. मग सिस्टर उभ्या राहिल्या.

"गुरुजींनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ताप पाण्यातूनच आला. मी नर्स आहे." इथवर ठीक होतं. गुरुजी खुर्चीवर टेकले. सिस्टरांनी वळून फळ्यावरच्या उंदराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे काही शक्ती नाही, असं सांगायचं कबूल केलं होतं. पण ते मला ठाऊक नाही. दोरा मी सोडायला लावला. वाईट व्हावं म्हणून नाही. पण सोडला. विजया, माझ्यामुळं झालं असेल तर मला क्षमा कर. झालं नसेल, तरीही कर."

एकच गलका उठला. गुरुजी कपाळाला हात लावून बसले. दत्ता उभा राहिला. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, चादर गुंडाळून बसलेली विजया भिंतीला धरून उठली.

"सिस्टरनी नाय केलान," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. "मीच केलं होतं. लिंबू मीच ठेवला होता मेरेवर. भगताकडनं आणला होता. सिस्टर म्हंतात नां, पाठवलंस ते तिप्पट परत येतं? माजंच माज्यावर आलं."

सगळ्यांच्या माना सुनंदावहिनींकडे वळल्या. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर धावून जातील. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडे बोट फिरवत म्हणाल्या, "बघा! मी सांगत नव्हतं? इतके दिस कुणी माजं खरं मानलंत? मी येडी! मी म्हस आटली म्हंत होतं तेव्हा तुमी हसत होता!" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. विजया उभ्या उभ्या डुलायला लागली तशी त्याच पुढं झाल्या, तिच्या काखेत हात घातला, तिला खाली बसवलं आणि बोलतच राहिल्या, "लिंबू ठेवतेस व्हय? आणि अंगात एवढा अशक्तपणा घेऊन उटतेस कशाला? बस. पाणी पी. टाचण्या कुठनं आणल्यास, मेल्ये?"

विजयानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. वहिनींनी ते ढकललं नाही.

भांडण मिटलं. गुरुजींचं मात्र काही खरं नव्हतं. संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसले, चहाला हात लावला नाही. "अंधश्रद्धा घालवायला मी सभा घेतली," ते म्हणाले, "आणि जे मानत नव्हते तेही आता मानायला लागले. फळ्यावर उंदीर काढून!"

त्यांचं खरं होतं. दुसऱ्याच दिवसापासून लोक यायला लागले. कुणाची करणी, कुणाची नजर, कुणाचा मोडलेला साखरपुडा. लांबून, खाडीपलीकडच्या गावातून एक मुसलमान म्हातारी मुलाच्या आखातातल्या नोकरीसाठी आली. सिस्टर सगळ्यांना पाणी द्यायच्या आणि परत पाठवायच्या. त्यांनी दोरा, गाठी, मेणबत्त्या, कुणासाठी काही करणं, सगळं बंद केलं होतं. पौर्णिमेला अंगणात नुसत्या उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, "आता विश्वास नाही का राहिला?"

"आहे की नाही तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "नाही असं कळलं तर हायसं वाटेल. आणि मग मी काय करीन ते माहीत नाही."

पुढच्या लावणीच्या आधी त्यांनीच काहीतरी सुरू केलं. सरकारी दवाखान्यातून तापाला अटकाव करणाऱ्या गोळ्या मिळवल्या, आणि गुरुजींना बरोबर घेऊन घरोघर फिरल्या. पायाला चीर असेल तर पाण्यात उतरायचं नाही, गोळी चुकवायची नाही. दवाखान्याचा माणूस आला की लोक गोळ्या घ्यायचे आणि परसात टाकायचे. सिस्टरांनी दिलेली गोळी मात्र दोन्ही हात पुढं करून घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि गिळायचे. गुरुजी दात-ओठ खात बाजूला उभे.

"प्रसाद नाही हो, औषध आहे!" ते ओरडायचे.

"व्हय गुरुजी," म्हणून लोक सिस्टरांच्या पाया पडायचे.

सिस्टर कासावीस व्हायच्या. "काय करू गुरुजी? सांगू का, की मी कुणी नाही?"

गुरुजींनी पायांखालच्या चिखलाकडे बघितलं. "गोळी पोटात जातेय ना?" ते म्हणाले. "तूर्तास काही सांगू नका."

त्या वर्षी आमच्या वाडीत कुणी त्या तापानं पडलं नाही. का, ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवलं.

मग माझं लग्न ठरलं, मी पुण्याला आले. तीन-चार वर्षांनी नवऱ्याला घेऊन श्रावणात रत्नागिरीला गेले. नवऱ्याला मी वाटेत सिस्टरांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. त्यानं शेवटी विचारलं, "म्हणजे त्या नक्की आहेत कोण?" मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पौर्णिमा होती, पण ढगांआड. झिमझिम पाऊस. घर उघडं, आत कुणी नाही. मागच्या अंगणातून आवाज आले म्हणून आम्ही वळसा घालून गेलो. सिस्टर मधोमध उभ्या होत्या, आता जरा वाकलेल्या. शेजारी सुनंदावहिनी आणि विजया, दोघींच्या डोक्यावर इरलं, आणि दोघींचं भांडण चाललेलं.

"पश्चिम तिकडं."

"तुला काय कळतंय? समुद्र कुठं हाय? तिकडं बग."

"समुद्र दोन्हीकडं हाय."

"अगो, गप्प राहा जरा," सिस्टर म्हणत होत्या. "नुसतं उभं राहायचंय."

त्यांच्यासमोर दगडावर एक मेणबत्ती पेटलेली होती. पावसात ती विझायला हवी होती. विझत नव्हती, कारण तिच्यावर जाधव गुरुजी छत्री धरून उभे होते. हात लांब केलेला, अंग वर्तुळाबाहेर, स्वतः पूर्ण भिजलेले, आणि मान मुद्दाम दुसरीकडे, फणसाच्या झाडाकडे वळवलेली.

माझ्या नवऱ्यानं हळूच विचारलं, "गुरुजी, हे काय चाललंय?"

"मला काही माहीत नाही," गुरुजी झाडाकडे बघत म्हणाले. "मी ह्यात नाही. मी फक्त छत्री धरलीय."